उताराचा प्लॉट, रिटेनिंग वॉल आणि घर: नागपूरकरांनो, अनुभव सांगा

नागपूर म्हणजे सपाट शहर, ही समजूत पूर्वेकडच्या वस्त्यांमुळे झाली असावी. पश्चिमेला सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, दाभा, वाडी, लावा या बाजूला जमीन काळ्या पाषाणाची आणि चढ-उताराची आहे, आणि शहर तिकडेही पसरतंय. पाच-सात फूट उतार असलेल्या प्लॉटवर घर बांधलेले बरेच जण आता ओळखीत निघतात. त्यांनी सविस्तर लिहावं म्हणून हा धागा.

एक विनंती. बांधून झालेल्या रिटेनिंग वॉलचं, म्हणजे माती थोपवणाऱ्या भिंतीचं, कौतुक सगळेच करतात, मला तिच्या मागचं ऐकायचं आहे. भराव कशाचा घातला, पाणी कुठून काढलं, पाया कोणत्या थरावर टेकला, पहिल्या पावसाळ्यात काय झालं? भिंत टिकेल की कलेल हे त्या न दिसणाऱ्या दोन-तीन फुटांत ठरतं, असं माझं ठाम मत आहे. खर्च सांगाल तर साल नक्की लिहा.

काटोल रोडच्या बाजूने

आमचा प्लॉट चाळीस बाय साठ. रस्ता वरच्या अंगाला, आणि मागच्या हद्दीपर्यंत जमीन जवळपास ८ फूट उतरते. पाहायला आलेले ठेकेदार सगळे एकच बोलले, "भरून टाकू साहेब, मुरुमाचे टिप्पर लावू, रस्त्याच्या लेव्हलला आणू." ऐकायला सोपं वाटतं. आमच्या इंजिनिअर ताईंनी कागद घेऊन मांडून दाखवलं. एवढं भरलं की मागे ८ फूट माती थोपवणारी भिंत लागणार. वर घराचे कॉलम त्या भरावातून खाली मूळ मुरुमापर्यंत न्यावे लागणार ते लागणारच, कारण नव्या भरावावर फुटिंग (कॉलमचा पाया) ठेवता येत नाही. म्हणजे टिप्परचे पैसे, भिंतीचे पैसे आणि खोल पायाचेही पैसे.

त्याऐवजी त्यांनी घरच दोन टप्प्यांत उतरवलं. रस्त्याच्या लेव्हलला गाडी, बैठक आणि स्वयंपाकघर. मधे सात पायऱ्या. चार फूट खाली दोन खोल्या आणि मागचं अंगण. एका आठ फुटी भिंतीच्या जागी दोन चार फुटी भिंती आल्या, एक घराच्या मधोमध, दुसरी मागच्या अंगणाच्या काठाला. दोन्ही आरसीसीच्या, खाली तळ भरावाच्या बाजूला लांब नेलेला, म्हणजे वरची माती त्या तळावर बसून स्वतःच भिंतीला धरून ठेवते. हे मला आधी माहीत नव्हतं आणि समजलं तेव्हा फार आवडलं.

मागच्या भिंतीचा तपशील देतो, कारण विचारलंय. भिंतीला लागून फूटभर रुंद ४० मिलिमीटर गिट्टी, गिट्टीभोवती जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, कापड, तळाशी भोकं पाडलेला चार इंची पाईप, त्याचा उतार प्लॉटच्या खालच्या कोपऱ्याकडे. गिट्टीपलीकडे मुरूम, वीतभर थर टाकून प्रत्येक थर पाणी शिंपडून कॉम्पॅक्टरने ठोकलेला. भिंतीत साधारण दर चार-पाच फुटांवर तीन इंची पाईपचे वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर सोडणारी भोकं. खोदकामात निघालेली काळी माती वेगळी ढिगाला लावली होती. ठेकेदाराचा माणूस ती मागे ढकलायला निघाला, तेव्हा ताईंनी काम थांबवलं. ती सगळी माती समोरच्या बागेत गेली.

पहिल्या जोरदार पावसात वीप होलमधून पाणी यायला लागलं आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ झिरपत होतं. ताईंनी फोनवर एकच विचारलं, "पाणी स्वच्छ आहे की गढूळ?" स्वच्छ होतं. गढूळ असतं तर मागची माती वाहून येतेय, कापड कुठेतरी फाटलंय, असा अर्थ झाला असता.

स्ट्रक्चरल इंजिनिअर, धरमपेठ

वरच्या ताईंचं काम उत्तम आहे. दोन भिंतींचा हिशेब आकड्यांत सांगतो. मातीचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो आणि भिंतीला उलटवणारा जोर उंचीच्या घनाने. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट आणि उलटवणारा जोर आठपट. म्हणून "चार फुटाची भिंत आहे तशीच आठ फूट चढवू" हे वाक्य साइटवर ऐकलं की मी तिथून हलत नाही. मात्र दोन टप्पे एकमेकांपासून पुरेसे लांब हवेत, नाहीतर वरच्या भिंतीचा भार खालचीवर येतो. खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर सुटत असेल तर मी निश्चिंत असतो.

आता पाणी. ३ मीटर उंच भिंत घ्या, मागे चांगला निचरा होणारा मुरूम. दर मीटर लांबीला रेटा साधारण पावणेतीन टन. त्याच भरावात पाणी वरपर्यंत तुंबलं तर तो साडेपाच टनांच्या पुढे जातो. भिंत तीच, माती तीच, रेटा दुप्पट. पडलेल्या भिंती पाहायला मला बोलावतात तेव्हा मी आधी वीप होल शोधतो. काही ठिकाणी ते नसतातच. काही ठिकाणी पाईप असतो, पण मागे थेट काळी माती असते आणि तो पहिल्याच वर्षी बुजतो. बाहेरून प्लास्टर करताना भोकं लिंपून टाकलेलीही पाहिली आहेत.

काळी माती मागे का नको, याचं दुसरं कारण तिचं फुगणं. घरगुती अंदाज घ्यायचा तर कोरडी, चाळलेली १० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घाला, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. २४ तासांनी पाहा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, दोघांतला फरक डोळ्यांना दिसतो. प्रयोगशाळेतही ही चाचणी अशीच होते. पाण्यातलं आकारमान रॉकेलातल्यापेक्षा दीडपट किंवा जास्त भरलं, तर ती माती ना भिंतीमागे घाला, ना तिच्यावर पाया टेका.

आणखी एक. उताराच्या प्लॉटवर चाचणीचा एकच खड्डा घेऊन भागत नाही. वरच्या अंगाला फूट-दीड फुटावर मुरूम लागतो आणि खालच्या अंगाला वरून वाहत आलेली काळी माती पुरुषभर खोल असू शकते. निदान वर एक आणि खाली एक खड्डा घ्याच. अर्धं घर कडक मुरुमावर आणि अर्धं काळ्या मातीवर बसलं, तर तडे कुठे जातील हे नकाशावर आधीच काढून देता येतं.

वाडीहून, निवृत्त शिक्षिका

भिंतीबद्दल बाकीचे सांगतीलच. मी म्हाताऱ्या माणसांबद्दल लिहिते. सासूबाई व्हीलचेअरवर होत्या. उताराच्या घरात पायऱ्या येतातच, आणि नकाशा पाहताना त्या छान दिसतात. रॅम्प १ ला १२ या उताराचा हवा, म्हणजे तीन फूट चढायला छत्तीस फूट लांबी. आमच्या समोरच्या जागेत ते बसत नव्हतं. म्हणून वरच्या रस्त्याकडून मुख्य दार घेतलं, त्यांची खोली आणि बाथरूम त्याच लेव्हलला, आणि खाली आम्ही. ज्यांच्या प्लॉटला रस्ता खालून आहे, त्यांनी हा विचार नकाशाच्या पहिल्या दिवशी करावा. प्लिंथ (जोतं) झाल्यावर यावर उपाय फार कमी उरतात.

हिंगणा रोड. बाबा मिस्त्री आहेत, ते सांगून राहिले आणि मी टाइप करून राहिलो

"आरसीसीची भिंत चांगलीच असते, पण पाच-सहा फुटापर्यंत काळ्या दगडाचीबी भिंत मजबूत होते, फक्त तिले बूड रुंद पाहिजे. आता लोक म्हणतात दीड फूट जाडी करा अन् सरळ वर घ्या. तसं नाही चालत भाऊ. सहा फूट उंच असंन तं खाली तीन-साडेतीन फूट लागते, अन् वर जाता जाता कमी करत आणाचं. तोंड जरासं भरावाकडं कललेलं ठेवाचं. पूर्ण जाडीचे लांब दगड मधा-मधात टाकाचे, नाहीतं समोरची थर वेगळी अन् मागची वेगळी होऊन फुगते. दगडाच्या मधात मसाला भराचा, नुसत्या चिपा कोंबून वरून मसाला फासाचा नाही. मालकानं रोज सायंकाळी येऊन पाहाव, मिस्त्रीले राग येत नाही. आला तं तो मिस्त्री बदलाव."

मे महिन्यातल्या कामाबद्दल विचारलं तर बाबा म्हणाले, "पंचेचाळीस डिग्रीत काँक्रीट दुपारी नाही टाकाचं. पहाटे सुरू करा, ऊन चढाच्या आत संपवा, बारदाना टाकून ओला ठेवा." यात माझी भर: आयएस ४५६ या मानकात उष्ण, कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस क्युरिंग सांगितलंय, आणि राख मिसळलेल्या सिमेंटला १४ दिवसांची शिफारस आहे. आजकाल दुकानात बहुतेक पीपीसीच, म्हणजे हे राख मिसळलेलं सिमेंटच, मिळतं, म्हणजे १४ धरा. उभ्या भिंतीवर पाणी थांबत नाही, म्हणून बारदाना बांधूनच ठेवावा लागतो.

दाभा

आमचा अनुभव शेजाऱ्यांचा आहे. आम्ही वर, ते खाली. त्यांनी घरासाठी हद्दीला लागून सरळ उभं खोदलं आणि आमचं कंपाउंड लटकायला लागलं. आधी आवाज चढले. मग दोन्ही घरांच्या ओळखीतल्या एका वकील काकाजींनी बसवून समजावलं. १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे, आणि तो सुरुवातीला ज्या मोजक्या प्रांतांना लागू झाला त्यात आपला मध्य प्रांत होता. मुंबई इलाख्याला तो नंतर लागू झाला. त्या कायद्यानुसार जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा मालकाला हक्क आहे. म्हणजे आमच्या मातीचा आधार त्यांना काढून घेता येत नाही. पण त्याच कायद्याचा धडा आम्हालाही होता. "नैसर्गिक स्थितीत" हे शब्द महत्त्वाचे. आम्ही वर भराव घालून उंची वाढवली, तर त्या वाढीव भाराची जबाबदारी त्यांच्यावर ढकलता येत नाही. वरून नैसर्गिकपणे उतरणारं पाणी खालच्याने अडवायचं नाही, पण गच्चीचं पाणी पाईपने गोळा करून त्यांच्या अंगणात सोडणं वेगळं.

शेवटी भिंतीचा खर्च वाटून घेतला, लिहून सही केली, आणि वीप होलखाली त्यांच्या बाजूने उथळ नाली काढली, जी रस्त्याच्या गटाराला मिळते. माझं सांगणं एवढंच की बोलणी जेसीबी यायच्या आधी करा.

लाव्याकडून

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते सगळ्यांना आठवतं. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. उंचावर राहणाऱ्यांना वाटतं आपल्याला पुराची भीती नाही. घरात पाणी आलं नाही हे खरं, पण वरच्या मोकळ्या टेकाडाचं पाणी लोटासारखं प्लॉटमधून गेलं. आमची भिंत राहिली ती वरच्या हद्दीला आडवी काढलेल्या नालीमुळे, असं मी मानतो. ती पाणी भरावात मुरायच्या आधीच बाजूला नेते. पावसाळ्याआधी तिच्यातला पालापाचोळा काढणं हे आमच्याकडे कूलर उतरवण्याइतकंच ठरलेलं काम आहे.

मागच्या दोन फुटी उतारांवर भिंत न बांधता वाळा लावलाय, कूलरच्या ताट्यांना लागतो तोच. मुळं सरळ खाली खोल जातात आणि माती धरतात. उंच भिंतीला तो पर्याय नाही, पण छोट्या उताराला सिमेंट कशाला?

गोरेवाडा, एक प्रश्न

सगळ्यांचं वाचलं. आम्ही तयार घर घेतलंय. मागची सात फुटी भिंत मधोमध पोट काढल्यासारखी दिसते आणि वीप होल एकही नाही. आधीच्या मालकाला विचारून उपयोग झाला नाही. पावसाळा जवळ आहे. पाडून नवीन बांधायची का?

स्ट्रक्चरल इंजिनिअर, धरमपेठ

ताई, न पाहता पाडा किंवा ठेवा असं सांगणार नाही. पण आज करता येण्यासारखं सांगतो. फुगवट्याच्या दोन्ही कडांना भिंतीवर खुणा करा, वरून ओळंबा सोडून अंतर मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. वाढत असेल तर भिंतीखाली कोणालाही बसू-खेळू देऊ नका आणि लगेच माणूस बोलवा. भिंतीच्या वरच्या कडेला गाडी, टाकी, विटांचा ढीग काही असेल तर ते आजच हलवा. वरचं गच्चीचं पाणी आणि बागेचं पाणी तिकडे जात असेल तर वळवा. भोकं पाडायची घाई स्वतःहून करू नका, आत पाणी आणि सैल माती असेल तर ती अंगावर येऊ शकते. मागचा भराव वरून थोडा थोडा कमी करून रेटा उतरवायचा आणि मग निचरा करायचा, हा क्रम असतो. शनिवारी सकाळी मी त्या बाजूला आहे, पत्ता कळवा, येऊन पाहतो.