झेवियर्सच्या ॲडमिशनबद्दल: गिरगावातल्या एका सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-७०४ वहिनी: नमस्कार. धाकट्याला शाळेत घालायचंय. धोबीतलावचं सेंट झेवियर्स हायस्कूल डोक्यात आहे, चालत जाता येतं म्हणून. घरात मात्र एकमत नाही. सासूबाईंना वाटतं तिथे मुलांना त्यांची प्रार्थना शिकवतात. शिवाय एकजण ‘आतून काम करून देतो’ म्हणत पैसे मागतोय. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांतून, फॉर्म भरता येईल का? कोणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

ए-२०३ दादा: तिथे ख्रिश्चन मुलांनाच घेतात ना?

ए-६०१ ताई (वकील): वहिनी, आधी आरटीईचं. २५ टक्के राखीव जागांचा नियम अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, आणि झेवियर्स ख्रिश्चन संस्थेची म्हणून त्यांत मोडते. आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क अल्पसंख्याक समाजांना घटनेच्या कलम ३० ने दिलाय. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली प्रमती खटल्यात अनुदानित, विनाअनुदानित अशा सगळ्याच अल्पसंख्याक शाळा आरटीई कायद्याबाहेर ठेवल्या. १ सप्टेंबर २०२५ ला दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने त्या निकालावरच शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. पण तो बदलेपर्यंत २०१४ चाच निकाल धरून चालायचं. म्हणजे आरटीईच्या यादीत ही शाळा शोधत बसू नका, थेट शाळेकडे अर्ज करा.

आणि त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका! ठरलेल्या फीव्यतिरिक्त प्रवेशासाठी पैसे घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे. असे लोक पाच-दहा जणांकडून घेतात. ज्याचं आपसूक होतं त्याचे ठेवतात, बाकीच्यांचे परत देतात. त्यांची आत कुठे ओळखही नसते.

बी-७०४ वहिनी: बापरे, बरं झालं विचारलं. यांनी उद्या भेटायला बोलावलं होतं त्याला.

डी-४०४ आंटी: ए-२०३, माझे दोन्ही मुलगे कॅथलिक शाळेतच शिकले. आमच्या मुलांना प्राधान्य असतं हे खरं, शाळा मुळात त्यासाठीच काढलेल्या. पण वर्गात आमची मुलं कमीच असायची, बाकी सगळे गुजराती, मराठी, मुसलमान. कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तास फक्त कॅथलिक मुलांचा. त्या वेळेत बाकीच्यांना मॉरल सायन्स, म्हणजे खरं बोलावं, चोरी करू नये, म्हाताऱ्यांना मदत करावी असले धडे. सकाळी असेंब्लीत प्रार्थना होते, ती सगळे म्हणतात. वहिनी, सासूबाईंना माझ्याकडे चहाला पाठवा, मीच बोलते त्यांच्याशी.

सी-१०१ काका: बोलू का स्पष्ट? गिरगावातल्या मराठी शाळांच्या तुकड्या एकेक करून बंद होतायत आणि आपण इथे झेवियर्सची चौकशी करतोय. मन दुखतं.

बी-३०२ आजोबा: काका, तुमचं दुःख खरं आहे आणि ते माझंही आहे. पण मी झेवियर्सचा, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सकाळपासून वाचतोय, राहवलं नाही.

शाळा १८६९ ची. काढली जेझुइट फादरांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने, आणि त्या काळी मुंबईतले जेझुइट मुख्यतः जर्मन. पहिलं महायुद्ध पेटलं तसे ते शत्रुराष्ट्राचे ठरले. इंग्रज सरकारने कुणाला नजरकैदेत ठेवलं, कुणाला मायदेशी धाडलं. त्यानंतर १९२० च्या दशकात त्यांची जागा घ्यायला स्पेनहून जेझुइट आले. मी शाळेत गेलो तेव्हा त्यांच्यातले काही वयस्कर फादर होते. पांढरा झगा, हातात शिट्टी, आणि पावसातही मैदानावर उभे. एवढ्या उलथापालथीत शाळा टिकली ती एकट्या फादरांमुळे नाही. वर्षानुवर्षं तोच वर्ग, तोच विषय मन लावून शिकवणारे साधे मास्तर होते, त्यांच्यामुळे. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

आता प्रार्थनेचं. माझ्या बाकावर एक गोव्याकडचा मुलगा बसायचा. तो पानाच्या वरच्या कोपऱ्यात ए.एम.डी.जी. लिहायचा, ‘देवाच्या अधिकाधिक गौरवासाठी’ या अर्थाची जेझुइटांची लॅटिन अक्षरं. मी माझ्या पानावर ‘श्री’ लिहायचो, आजीने लावलेली सवय. गणिताच्या सरांनी दोन्ही वह्या तपासल्या, दोघांनाही लाल शाईत चुका दाखवल्या, त्या अक्षरांबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. वहिनी, सासूबाईंना हे जरूर सांगा.

खेळाचं तर विचारूच नका. समोर आझाद मैदान. १९६६ साली आमच्या शाळेचा सुनील गावसकर देशातला सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरला तेव्हा मी खालच्या वर्गात होतो. हॅरिस शील्डची, म्हणजे शाळाशाळांतल्या क्रिकेट स्पर्धेची, मॅच असली की आम्ही डबा तिथेच खायचो. पण गावसकर निघाला म्हणून शाळा निवडू नका. असा खेळाडू शाळा घडवत नाही, तिथे त्याला खेळायला जागा मिळते एवढंच. आपल्या मुलाला रोज पळायला मिळेल का, ते बघा.

सी-१०१ काका: आणि मराठीचं काय आजोबा?

बी-३०२ आजोबा: त्याचं उत्तर घरात आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण एका तासाने भाषा येत नाही. माझ्या वडिलांनी रात्री पेपर मोठ्याने वाचून घेतला म्हणून मी आज हे लिहू शकतोय. इंग्रजी शाळेत घालणार असाल तर ही मेहनत आईबापांचीच. झेपणार नसेल तर मराठी शाळेत घाला, मी मनापासून सांगतो, मुलाचं काही बिघडणार नाही.

डी-४०४ आंटी: आजोबा, आम्ही खोताच्या वाडीतले. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठीच. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला अध्यक्ष कोण होते? वसईचे फादर दिब्रिटो. कॅथलिक म्हणजे मराठी नाही असं कोणी समजू नये.

ए-२०३ दादा: माफ करा आंटी, खरंच माहीत नव्हतं मला.

डी-४०४ आंटी: अरे माफी कसली! तूही ये चहाला.

ए-६०१ ताई (वकील): वहिनी, वयाचं बघून घ्या. राज्याच्या नियमाप्रमाणे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण हवीत, खालचे वर्ग त्या हिशेबाने. जन्मदाखला आणि आधारवर नाव अगदी सारखं आहे ना? नसेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आत्ताच दुरुस्त करून घ्या.

बी-७०४ वहिनी: दाखल्यावर यांचं नाव चुकलंय! सोमवारीच जाते. त्या माणसाला यांनी नाही म्हणून कळवलं. फॉर्म कधी निघतात ते शाळेच्या ऑफिसात जाऊनच विचारते, आणि येताना आपल्या गल्लीतली मराठी शाळाही आतून बघून येते. काका, तुम्ही याल का बरोबर?

सी-१०१ काका: येतो की. मुख्याध्यापिकाबाई माझ्या ओळखीच्या आहेत, आज संध्याकाळीच फोन करतो.