पेरणी यंत्र: बेंचवर २१० ग्रॅम बरोबर, रानात एकरी २४ ते ३३ किलो. चूक कुठे?

जालना_फॅब्रिकेशन
नमस्कार मंडळी. आमचं ट्रॅक्टरमागचं पाच फणी पेरणी यंत्र आहे. दोन ओळींत ४५ सें.मी., प्रत्येक फणाला वेगळं चाडं, त्यात २०० मि.मी. व्यासाची तिरकी नायलॉनची चकती, २४ खाचा, एका खाचेत एक दाणा. चकती जमिनीवरच्या ४०० मि.मी. चाकावरून चेनने फिरते. चाक उचलून ५० फेरे दिले की प्रत्येक नळीखाली २१० ग्रॅम सोयाबीन पडतं, म्हणजे एकरी ३० किलो. पण रानात गेलं की कुठे एकरी २४ किलो, कुठे ३३. दुपारच्या वेळी काही यंत्रांत चकती अडकून चेन उतरते, ते वेगळंच. चकतीच्या मापाची सूट (मापात चालणारा कमी-जास्त फरक) ±०.२ वरून ±०.०५ मि.मी. केली. मशिनिंगचा खर्च वाढला, फरक शून्य. आता चकतीच्या घराचीही सूट आवळायची का?

वाळूज_डिझाइन
नका आवळू. आधी ग्रॅम मोजायचं सोडा आणि दाणे मोजा. तुमची चकती दाणे मोजून टाकते, वजन करून नाही.

चाकाच्या ५० फेऱ्यांत, म्हणजे सुमारे ६३ मीटरमध्ये, प्रत्येक नळीतून साधारण १,७५० दाणे पडतात. १०० दाण्यांचं वजन १२ ग्रॅम असेल तर २१० ग्रॅम होतात. बियाणं बारीक, १० ग्रॅमचं असेल तर तेवढ्याच दाण्यांचे १७५ ग्रॅम, म्हणजे एकरी २५ किलो. टपोरं, १३ ग्रॅमचं असेल तर २२८ ग्रॅम, एकरी साडेबत्तीस किलो. तुमचा २४ ते ३३ चा बराचसा फरक इथेच निघाला. त्यात यंत्राचा दोष नाही. मीटरला २८ दाणे पडले आणि उगवण ७० टक्के धरली तर १९-२० रोपं उभी राहतात, ४५ बाय ५ सें.मी.चा हिशोब तोच आहे. शेतकऱ्याला रोपं हवीत, किलो नकोत.

चाड्याच्या झाकणावर आतून तक्ता रंगवा: १०० दाणे १० ग्रॅम तर १७५, ११ तर १९२, १२ तर २१०, १३ तर २२८. पेरणीआधी शंभर दाणे मोजून सोनाराच्या काट्यावर टाकायला पाच मिनिटं लागतात.

परभणी_रान
दाण्यांचा मुद्दा बरोबर आहे, पण २५ च्या खाली जे जातंय ते चाकामुळे. भाऊ, बेंचवर चाक हवेत फिरतं. आपल्या काळ्या भारी रानात पुरता वाफसा यायच्या आत यंत्र घातलं की चिखल चाकाला धरतो. धावेवर १० मि.मी. थर बसला की व्यास ४२० होतो आणि तेवढ्याच अंतरात फेरे जवळपास ५ टक्क्यांनी घटतात. वर चाक १० टक्के घसरलं तर दोन्ही मिळून १४ टक्के बियाणं कमी पडतं. ढेकळावर चाक उचललं गेलं तर तेवढ्या पट्ट्यात दाणाच नाही. उगवल्यावर ते तुटाळ लांबूनही दिसतं.

मोजायचं असं: धावेवर चुन्याची खूण करा, रानात १० फेरे होईपर्यंत चाला, टेपने अंतर मोजा. घसरण नसेल तर १२.५७ मीटर येतात. १४ मीटर आले तर चाक १० टक्के मागे आहे. ओल्या आणि कोरड्या, दोन्ही रानांत मोजा.

उपाय सूट आवळण्यात नाही. चाकाला दात वाढवा, धावेजवळ चिखल खरवडणारी पट्टी लावा, आणि चाकाची दांडी फ्रेमला पक्की न वेल्डता बिजागरीवर ठेवून स्प्रिंगने खाली दाबा. मग ट्रॅक्टर मागे-पुढे डुलला तरी चाक जमीन सोडत नाही.

टूलरूम_मापन
चकती अडकण्याचं कारण नायलॉन. साधा नायलॉन एका अंशाला मीटरमागे साधारण ८० ते १०० मायक्रॉन वाढतो, स्टील फक्त १२. चकती हिवाळ्यात सकाळी १५ अंशांना मापली आणि जूनच्या उन्हात ती ४५ अंशांवर गेली, तर २०० मि.मी.च्या चकतीचा व्यास अर्धा मि.मी. वाढतो, घराचा जेमतेम ०.०७. म्हणजे प्रत्येक बाजूची फट सुमारे ०.२ मि.मी.ने कमी. शिवाय नायलॉन हवेतली ओल पितो आणि फुगतो, ते आणखी वेगळं. ±०.०५ ची सूट इथे काय करणार? तिच्यावर गेलेला पैसा वाया गेला, हे वाईट वाटतं.

दोन रस्ते आहेत. काच-तंतू मिसळलेला नायलॉन किंवा ॲल्युमिनियमची ओतीव चकती घ्या. नाहीतर, मला जास्त पटणारं, कडेची फट सरळ १ मि.मी. करा आणि जादा दाणे अडवायचं काम मऊ ब्रशवर सोपवा. ब्रश एक-दीड मि.मी.चा फरक पोटात घेतो. सोयाबीनची साल पातळ असते आणि अंकुर लगेच सालीखाली असतो, म्हणून धातूच्या पट्टीपेक्षा ब्रशने उगवणही वाचते. नवीन चकती मापण्याआधी एक दिवस उन्हात आणि एक दिवस ओल्या पोत्यात ठेवून बघा.

जालना_फॅब्रिकेशन
डोळे उघडले. आता खाचेची खोली, चकतीचा कोन, ब्रशची उंची, खाचांची संख्या, सगळंच बदलावंसं वाटतंय. एकेक बदलत बसलो तर हंगाम निघून जाईल.

वाळूज_डिझाइन
चार घटक, प्रत्येकाच्या तीन पातळ्या. सगळी जुळणी केली तर ८१ चाचण्या. जपानी अभियंते तागुची यांच्या एल-९ तक्त्याने, म्हणजे निवडक जुळण्यांच्या तयार यादीने, ९ पुरतात. घटकांचे एकमेकांवरचे परिणाम त्यात दिसत नाहीत, तेवढं ध्यानात ठेवा. जपानमध्ये १९५३ साली फरशीच्या कारखान्यात भट्टीतली उष्णता सगळीकडे सारखी नव्हती. भट्टी न बदलता मिश्रणातला चुना १ टक्क्यावरून ५ टक्के केला आणि मापातला फरक आटोक्यात आला. तुमची भट्टी म्हणजे रान.

खाचांच्या पातळ्या २४, ३६, ४८ घ्या. ताशी साडेचार किलोमीटर वेगाला एका ओळीत सेकंदाला ३५ दाणे लागतात. २४ खाचांना चकती मिनिटाला ८७ फेरे घेते, खाच भरायला वेळच मिळत नाही. ४८ ला ४४ फेरे पुरतात. दर वेळी स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) त्या प्रमाणात बदला, नाहीतर तुलना फसेल.

प्रत्येक जुळणी दोनदा चालवा, मुद्दाम वाईट परिस्थितीत. पहिल्यांदा टपोरं, रायझोबियम (जिवाणू खत) लावलेलं ओलसर बियाणं, चाडं पाव भरलेलं, वेग जास्त. दुसऱ्यांदा बारीक, कोरडं बियाणं, चाडं काठोकाठ, वेग कमी. बेंचवर नेहमी कोरडंच बियाणं टाकलं जातं आणि चाड्यात बियाणं चिकटून कमान धरते ती मग थेट रानात दिसते. एकूण १८ चाचण्या, पाच नळ्या, म्हणजे प्रत्येक जुळणीचे, मीटरला किती दाणे पडले याचे, १० आकडे. सरासरीला प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) भागा, उत्तराचा वर्ग करा, त्याचा लॉग घेऊन १० ने गुणा. हा आकडा सर्वात मोठा तीच जुळणी घ्या, तिची सरासरी २८ नसली तरी.

सरासरी नंतर स्प्रॉकेटने आणा. मीटरला २६.४ दाणे पडत असतील तर चाकाकडचं १७ दातांचं काढून १८ चं बसवा, २७.९५ येईल. मग तीच जुळणी पुन्हा दोन्ही परिस्थितींत चालवून बघा, कारण चकतीचे फेरेही ६ टक्के वाढलेले असतात.

परभणी_रान
तुटके दाणेही वेगळे मोजा, दादा. दोन जुळण्या जवळपास सारख्या निघाल्या तर जिथे फुटके कमी, ती घ्या.