रन ऑल केलं की कर्नल का मरत नाही

प्रश्न असा आहे: ज्युपिटर नोटबुकमध्ये (पायथन कोड ‘सेल’ नावाच्या तुकड्यांत चालवण्याचं साधन) काम करताना कर्नल, म्हणजे मागे कोड चालवणारा प्रोग्रामच मरतो, पण ‘रन ऑल’ने सगळे सेल ओळीने चालवले की मरत नाही. त्यावर फॉल्टहँडलर (प्रोग्राम कोसळताना कोड कुठे होता ते लिहिणारं पायथनचं मॉड्यूल) लावा हा सल्ला सेगफॉल्टसाठी, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम कोसळतो त्यासाठी, ठीक आहे. पण ज्युपिटरमध्ये ‘कर्नल मेला, रीस्टार्ट होतोय’ एवढंच दिसत असेल तर बहुधा त्यातून काही हाती लागणार नाही. लिनक्सवर मेमरी संपली की ओओएम किलर (मेमरी मोकळी करायला प्रोग्राम मारणारा लिनक्सचा भाग) सिगकिल हा जागीच मारणारा सिग्नल पाठवतो, आणि तो सिग्नल कुठल्याच प्रोग्रामला अडवता येत नाही. फॉल्टहँडलर लिहिणार कधी? आधी सिस्टिम लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा.

आता कर्नल रीस्टार्ट झाल्यावर तोच कोड रन ऑलने सुरळीत का चालतो? सेलच्या शेवटच्या ओळीत नुसतं डेटाफ्रेमचं (डेटाच्या तक्त्याचं) नाव लिहिलं की आयपायथन (ज्युपिटरमागे पायथन चालवणारा भाग) ती ‘आउट’ नावाच्या डिक्शनरीत धरून ठेवतो. नंतर त्या नावाला नवी डेटाफ्रेम द्या, नाहीतर ते नाव डेलने पुसा, जुनी तिथेच ठाण मांडून बसते. एरर आला तर शेवटचा ट्रेसबॅकही (एरर कुठून कुठे आला त्याची नोंद) फंक्शनमधली व्हेरिएबल्स सोडत नाही. एकच सेल तासभर परतपरत चालवणाऱ्याकडे हे सगळं साचत जातं. रन ऑलमध्ये प्रत्येक सेल एकदाच चालतो, त्यामुळे कोड निर्दोष वाटतो आणि शिव्या मशीनला बसतात. शेवटच्या ओळीला अर्धविराम (;) दिला की आउटमध्ये नोंदच होत नाही. आधीचं साचलेलं ‘%रीसेट आउट’ या कमांडने जातं.