आप्पांचं होकायंत्र: चिंच लावू का?

आप्पा जाऊन वर्ष होईल. रोज संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव ऐकत बसायचे, घ्यायचे मात्र चार बांगडेच. मुंबईला आले की शुक्रवारी पहाटे चोरबाजार ठरलेला. तिथलंच एक बोटीवरचं पितळी होकायंत्र पंचाच्या टोकाने रोज पुसायचे. आई त्याला सवत म्हणायची! आता काळं पडलंय. ताईला ते टोरांटोला न्यायचंय. त्याआधी चिंच लावून घासू का?

उत्तर १: अजिबात नको! पितळेवर चढलेला जुना रंग एकदा गेला की गेला. मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. आत द्रव असेल तर उघडूच नका.

उत्तर २: किती जुनं आहे ते आधी बघा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, मग देशाबाहेर नेता येत नाही. तशी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला घ्या.

मूळ प्रश्नकर्ती: भिंगाने पाहिलं. तळाशी १९४३ कोरलंय. आप्पा जन्मभर 'आंग्र्यांच्या आरमारातलं' म्हणून सांगत आले! ताईला अजून बोलले नाहीये.