मदत हवी आहे: सोयाबीनच्या मुळांवर गाठी कमी, आता हरभऱ्याला रायझोबियम कसं लावू?

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात आमची काळी, भारी जमीन आहे. यंदा पहिल्यांदाच सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करणारं जिवाणू खत) लावलं, 10 किलोला 250 ग्रॅम. गुळाचं पाणी उकळून थंड केलं, त्यात पाकीट कालवलं, बियाण्याला हलक्या हातानं चोळलं आणि सावलीत गोणपाटावर सुकवून त्याच दिवशी पेरलं.

पस्तीस दिवसांनी चार-पाच झाडं मातीच्या ढेकळासकट खोदून काढली, बादलीत मुळं धुतली. एकेका झाडाला जेमतेम सहा-सात गाठी. नखानं फोडल्या तर आतून पांढरट! चालू गाठ आतून गुलाबी-लालसर असते, तीच हवेतला नत्र पिकाला देते, एवढं मला ठाऊक आहे. म्हणून जीवाला लागलं.

माझ्या मते चूक दोन ठिकाणी असावी. बुरशीनाशक आणि जिवाणू मी एकाच वेळी लावले, आणि वाढ दिसेना म्हणून विसाव्या दिवशी युरियाही फेकला. आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरत नाही म्हणतात.

आता हरभरा पेरायचाय. त्याचं पाकीट वेगळं असतं, सोयाबीनचं चालत नाही, ते वेगळं आणीनच. पण मर रोगामुळे बुरशीनाशक सोडता येत नाही. आधी ते लावून मग जिवाणू लावताना मध्ये किती वेळ ठेवता? ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) वापरून कुणी रासायनिक औषध टाळलंय का? आणि पाकीट जिवंत आहे हे घरी ओळखता येतं का? दुकानात ते पत्र्याखाली तापत पडलेलं असतं. ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.