फक्त वेब पाहण्यासाठी स्वस्त, ओपन-सोर्स टॅबलेट: बोर्ड कोणता, बॅटरीचं काय?

वाचनकट्टा:
नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयात सहा टॅबलेट ठेवायचे आहेत. त्यावर मराठी विश्वकोश, विकिपीडिया, वर्तमानपत्रं आणि सरकारी संकेतस्थळं उघडली की झालं. गेम नको, कॅमेरा नको. अटी तीनच. सर्किटचे आराखडे आणि सॉफ्टवेअर शक्य तितकं खुलं हवं, तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त करता यावं, आणि एका चार्जिंगमध्ये तीन तास चालावं.

सध्याचा बेत असा: रास्पबेरी पाय ४ हा एकाच बोर्डावरचा छोटा संगणक (२ जीबी), त्यांचाच ७ इंची टच डिस्प्ले २, दोन १८६५० लिथियम सेल समांतर, चार्जिंगला टीपी४०५६ मॉड्यूल आणि ५ व्होल्टसाठी एमटी३६०८ बूस्ट (व्होल्टेज वाढवणारं) मॉड्यूल. या जोडणीत काय बिघडेल? मराठीसाठी वेगळं काय करावं लागेल? आणि रास्पबेरी पाय खरोखर 'ओपन' म्हणावा का?

धनऋण:
बोर्ड आणि स्क्रीन ठीक आहेत, पण बॅटरीची बाजू पूर्ण बदला. घरी केलेले टॅबलेट बहुतेक तिथेच अडतात.

आधी हिशोब. पाय ४ आणि ७ इंची स्क्रीन मिळून ब्राउझिंग करताना सरासरी ७ वॅट धरा. जड पान उघडताना क्षणभर १२ वॅटपर्यंत जाईल. बूस्टची कार्यक्षमता ८८ टक्के आणि सेल ३.४ व्होल्टवर उतरलेला धरला, तर त्या क्षणी सेलमधून साधारण ४ अँपिअर ओढले जातात. एमटी३६०८ वर लिहिलेल्या '२ अँपिअर' वर विसंबू नका. ३.७ व्होल्टचे ५ करताना त्यातून भरवशाने जेमतेम १ अँपिअर मिळतो. म्हणजे मेनू दिसेल, ब्राउझर उघडला की बोर्ड रीस्टार्ट होईल. ५.१ व्होल्टला सतत ३ अँपिअर देणारा बूस्ट घ्या आणि तो पूर्ण भारावर अर्धा तास तापवून बघा.

टीपी४०५६ इथे तीन कारणांनी चालत नाही. तो जास्तीत जास्त १ अँपिअर देतो, तुमचा टॅबलेट सेलमधून सरासरी सव्वादोन खातो; म्हणजे चार्जर लावूनही बॅटरी उतरत राहील. दुसरं, प्रवाह ठरलेल्याच्या एक दशांशावर आला की चार्जिंग थांबवायचं, असं त्याचं गणित आहे. टॅबलेट चालू असताना प्रवाह तेवढा खाली येतच नाही, त्यामुळे चार्जिंग पूर्ण झाल्याचं त्याला कधी कळत नाही. तिसरं, त्या मॉड्यूलवरचं संरक्षण (डीडब्ल्यू०१ आणि ८२०५ मॉस्फेट) ३ अँपिअरच्या आसपास तुटतं आणि चार्जर पुन्हा लावेपर्यंत सगळं मेलेलं दिसतं.

तुम्हाला पॉवर-पाथ असलेली चार्जिंग चिप हवी, म्हणजे ॲडॅप्टरची वीज आधी टॅबलेटला आणि उरलेली सेलला. बीक्यू२५८९५ चांगली आहे. पॅकेज ४ बाय ४ मिलिमीटरचं बिनपायाचं असल्याने साध्या सोल्डरिंग गनने बसत नाही, हॉट एअर लागते. तयार मॉड्यूल मिळालं तर तेच घ्या. चार्जिंग ३ अँपिअरवर ठेवा. पॉवर बँकेच्या स्वस्त चिप्सच्या नादी लागू नका. चार्जर लावताना-काढताना त्यातल्या बऱ्याच चिप्सचं आउटपुट क्षणभर पडतं आणि तेवढ्यात पाय रीसेट होतो.

सेल दोन नाही, तीन घ्या. २६०० एमएएचचे तीन म्हणजे २८ वॅट-तास. बूस्टमधली घट आणि ३.३ व्होल्टला बंद करायची मर्यादा धरून तीन तासांवर थोडे मिळतील. ९९०० एमएएच छापलेला १८६५० दिसला तर हात लावू नका, त्या आकारात तेवढी क्षमता मावतच नाही. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. दुकानातच छोट्या काट्यावर टाकून बघा, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली. समांतर जोडण्याआधी तिन्हींचा व्होल्टेज मोजा. फरक ०.०५ व्होल्टच्या आत आणूनच निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्ड करा. सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नका, उष्णतेने आतलं सील जातं. पॅकला स्वतःचं संरक्षण सर्किट आणि ७ अँपिअरचा फ्यूज हवाच.

वायर १८ गेज सिलिकॉन घ्या. २२ गेजच्या वीस सेंटिमीटर जोडीवर ३ अँपिअरला ६० मिलिव्होल्टहून जास्त पडतात. पायचा लो-व्होल्टेज इशारा ४.६३ व्होल्टला येतो, त्यामुळे असे थोडे-थोडे पडलेले व्होल्ट एकत्र येऊन नडतात. टर्मिनलमध्ये vcgencmd get_throttled ही आज्ञा द्या. शून्य आलं तर उत्तम. उत्तराच्या शेवटी ५०००५ दिसलं तर वीज आत्ता, या क्षणी कमी पडते आहे.

लिपीकार:
मी फक्त सॉफ्टवेअरचं सांगतो.

२ जीबीऐवजी ४ जीबी घेता आलं तर घ्या. २ जीबीवर क्रोमियम चालतं, पण वर्तमानपत्राच्या चार टॅब उघडल्या की रडायला लागतं. झेडरॅम (रॅममधली माहिती दाबून बसवणारी सोय) चालू ठेवा. जाहिराती अडवणं ही इथे चैन नाही, मेमरी वाचवायचा सगळ्यात मोठा उपाय तोच. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीने फायरफॉक्समध्ये चालतं, क्रोमियममध्ये आता नाही, म्हणून वाचनासाठी फायरफॉक्स ठेवा. यूट्यूब व्हिडिओ सहसा व्हीपी९ किंवा एव्ही१ स्वरूपात पाठवतं आणि पाय ४ ला ते हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, एच.२६४ ची सक्ती करणारं एक्स्टेन्शन क्रोमियममध्ये टाका.

सार्वजनिक वापर आहे, तर रास्पी-कॉन्फिगमधून ओव्हरले फाइल सिस्टम चालू करा. मग बॅटरी अचानक संपली तरी मेमरी कार्ड बिघडत नाही, आणि टॅबलेट रीस्टार्ट केला की कुणाचे पासवर्ड पुढच्या वाचकासाठी मागे राहत नाहीत. मात्र ओव्हरलेमध्ये लिहिलेलं सगळं रॅममध्ये साठतं, ब्राउझरचा कॅशसुद्धा. तो ५० एमबीला बांधा, नाहीतर दुपारपर्यंत टॅबलेट गोठेल आणि दोष मात्र रॅमला दिला जाईल.

मराठीसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता फॉन्ट बसवा आणि सिस्टमची भाषा मराठी ठेवा. पानावर भाषा मराठी नोंदलेली असेल तर नोटो ल आणि श ही अक्षरं मराठी वळणाची दाखवतो. नसेल तर हिंदी वळणाची येतात. तपासायला 'दुसऱ्या', 'कैऱ्या', 'शाळा', 'लाल' हे शब्द पुरेत. पडद्यावरचा कीबोर्ड स्क्वीकबोर्ड आहे. त्याचा आराखडा साध्या याम्ल फाइलमध्ये असतो, त्यामुळे इनस्क्रिप्टची मांडणी स्वतः लिहिता येते. ७ इंची आडव्या पडद्यावर एका ओळीत अकराहून जास्त कळा ठेवू नका, बोट शेजारच्या कळीवर पडतं. 'ळ', 'ॲ' आणि 'ऱ' पहिल्याच थरात द्या.

वाचनालयात नेट कच्चं असेल तर किविक्सवर संपूर्ण मराठी विकिपीडिया ऑफलाइन ठेवता येतो. हे कराच.

खुलापाट:
'ओपन' बद्दल स्पष्ट सांगतो: रास्पबेरी पाय पूर्ण खुला नाही. पाय ४ चा आराखडा अर्धामुर्धाच प्रसिद्ध आहे, सुरुवातीचं फर्मवेअर बंद आहे आणि मुख्य चिप सुटी मिळत नाही.

तुमची पहिली अट मनापासून असेल तर बल्गेरियातल्या ओलिमेक्सचा ए६४-ओलिनुक्सिनो बघा. आराखडे कायकॅड या सर्किट आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये खुले आहेत, म्हणजे बोर्ड जळला तर कोणता घटक गेला ते नकाशा समोर ठेवून शोधता येतं. मुख्य प्रवाहातलं यू-बूट (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) आणि लिनक्स कर्नल त्यावर चालतात, माली-४०० ग्राफिक्सचा लिमा ड्रायव्हर २०१९ पासून कर्नलमध्ये आहे. टॅबलेटच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बोर्डावरच एएक्सपी८०३ ही पॉवर चिप आणि लिथियम सेलचं कनेक्टर आहे. धनऋण यांनी सांगितलेला पॉवर-पाथ त्यात आयता मिळतो. शिवाय क्रस्ट फर्मवेअरने हा प्रोसेसर झोपू शकतो. पाय ४ ला ती सोयच नाही. पडदा बंद केला तरी तो अडीच-तीन वॅट खात बसतो.

उणीवही तितकीच खरी. रॅम २ जीबीच्या वर नाही आणि कॉर्टेक्स-ए५३ गाभे जुने आहेत. विश्वकोश, विकिपीडिया, बातम्या ठीक. जड संकेतस्थळं रेंगाळतील, व्हिडिओ ४८० पी पर्यंतच धरा. वाय-फायचं फर्मवेअर इथेही बंदच.

वाचनकट्टा:
आभार. वाचकांना ऑनलाइन अर्जही भरायचे असतात आणि ती संकेतस्थळं जडच असतात, त्यामुळे पाय ४ कडे कल आहे. दिवसभर चार्जरवर ठेवून वापरलं तर? आणि खोकं कशाचं करावं? आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४४ च्या वर जातो.

जुनंतेसोनं:
बोर्ड मागवण्याआधी एक विचार करा. बोर्ड, पडदा, सेल, चार्जर, खोकं अशी बेरीज तयार अँड्रॉइड टॅबलेटच्या पुढे सहज जाते, कारण कारखान्याला लाखात मिळणारा भाव आपल्याला सहा नगांना मिळत नाही. निव्वळ स्वस्त हवं असेल तर जुन्या टॅबलेटवर पोस्टमार्केटओएस ही खुली लिनक्स प्रणाली टाका. नेक्सस ७ चं २०१३ चं मॉडेल त्यावर चालतं: २ जीबी रॅम, १९२० बाय १२०० चा पडदा. जुनी बॅटरी फुगलेली नाही ना, हे काच उचलली गेली आहे का यावरून आधी बघा. त्यातले आराखडे मात्र खुले नाहीत.

आणि कुठेही काटकसर करा, टचमध्ये नको. २०११ च्या पहिल्या आकाश या स्वस्त सरकारी टॅबलेटमध्ये रेझिस्टिव्ह (दाबावा लागणारा) पडदा होता, २०१२ च्या आकाश २ मध्ये तो बदलून कपॅसिटिव्ह (नुसत्या स्पर्शाने चालणारा) करावा लागला. दाबून सरकवायचं पान कुणी वाचत नाही.

धनऋण:
चार्जरवर ठेवून वापरायला हरकत नाही. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा ॲडॅप्टर घ्या. वापर चालू असताना पूर्ण भरायला पाच-सहा तास लागतील, बंद असताना साडेतीन-चार. बहुतांश वेळ चार्जरवरच राहणार असेल तर चार्जिंगची कमाल ४.२ ऐवजी ४.१ व्होल्ट ठेवा. थोडी क्षमता जाते, सेल बराच जास्त टिकतो.

४४ अंशांच्या उन्हाळ्यात खरी काळजी सेलची. ४५ अंशांच्या वर चार्जिंग नको, म्हणून १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमान ओळखणारा रेझिस्टर) सेललाच चिकटवून चार्जिंग चिपला जोडा. त्याच्या जागी ठरावीक रेझिस्टर लावून मोकळं होऊ नका. तेव्हा दुपारी चार्जिंग थांबेल, ते बरोबरच आहे. भरणं रात्री करा.

खोकं थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकचं छापू नका, ते ६० अंशांना मऊ पडतं, पीईटीजी प्लॅस्टिक वापरा. पाठीला २ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि प्रोसेसरवर थर्मल पॅड, म्हणजे पंख्याविना भागतं. पाय ८० अंशांपासून वेग कमी करतो. सेल आणि प्रोसेसर दोन टोकांना ठेवा. पत्रा मात्र बोर्डाच्या वाय-फाय अँटेनावरून नेऊ नका. त्या कोपऱ्यात भोवती १५ मिलिमीटर प्लॅस्टिकच ठेवा, नाहीतर राउटर शेजारी असूनही सिग्नल एक काडी दाखवेल आणि तुम्ही ड्रायव्हर तपासत बसाल.

डिस्प्ले २ मुळात उभा, ७२० बाय १२८० चा आहे. स्क्रीन कॉन्फिगरेशनमधून आडवा करा आणि चारही कोपऱ्यांना बोट लावून टच बरोबर फिरला का ते बघा. सहा एकदम जोडू नका. एक करून पूर्ण चार्ज ते ३.३ व्होल्ट असा सलग चालवा, दर दहा मिनिटांनी व्होल्टेज आणि तापमान फाइलमध्ये नोंदवा. व्होल्टेज मोजायला मॅक्स१७०४८ ही चिप पायच्या आय-टू-सी पिनांवर लावा, टक्केवारीही तीच देते. त्या नोंदी इथे टाका, मग उरलेल्या पाचांसाठी सेल तीन पुरतात की चार लागतात ते ठरवू.