व्हॅन परत द्यायला चार रात्री उरल्यात. मिलफर्डला पुन्हा जावं का?

काठावरची (शनिवार)

नमस्कार. ट्वायझलजवळ, पुकाकी तळ्याच्या काठावरून लिहितेय. न्यूझीलंडमधला आमचा आज ७१वा दिवस. ऑकलंडहून निघालो, वेलिंग्टनहून फेरीबोटीने दक्षिण बेटावर आलो, आतापर्यंत ८,१४० किलोमीटर झालेत. बुधवारी सकाळी दहाला क्राइस्टचर्चला ही राहायची-फिरायची भाड्याची व्हॅन परत द्यायचीय.

वाद असा आहे. ह्यांना मिलफर्ड साउंड, ती कड्यांमधली समुद्राची खाडी, पुन्हा बघायचीय. मार्चमध्ये गेलो तेव्हा दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता, तिथलं माइटर पीक हे शिखर ढगातून बाहेर आलंच नाही. आता सोमवारी ऊन दाखवतायत. म्हणजे उद्या 'ते आनाऊ' हे गाव गाठायचं, सोमवारी मिलफर्ड, मंगळवारी ते आनाऊहून थेट क्राइस्टचर्च, साडेसहाशे किलोमीटर. मला इथून हलायचंच नाही. समोर आओराकी, म्हणजे माउंट कुक, आहे. तोही परवापासून ढगातच आहे म्हणा, पण त्याची वाट खुर्चीत बसून बघता येते.

खरं तर प्रश्न मिलफर्डचा नसावाच. जोवर कुठेतरी जायचंय तोवर ट्रिप संपत नाही, असा ह्यांचा हिशेब असणार. आणि मी शहाणी म्हणावी, तर सकाळपासून भांडी पुसायची फडकी तिसऱ्यांदा धुतलीत.

निघताना आमचा एक पाढा असतो. हे स्टिअरिंगवरून विचारतात, मी मागून उत्तर देते. "गॅस?" "बंद." "छताची झडप?" "बंद." "ड्रॉवर?" "लागले." "पायरी?" "आत." पहिल्या आठवड्यात टाउपोच्या अलीकडे एका राउंडअबाउटवर ड्रॉवर उघडला आणि चमचे घरंगळत पार ब्रेकपर्यंत गेले. मग फेरीबोटीत चढताना तिथल्या माणसाने गॅसचा नळ बंद केलाय का असं विचारलं, आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. त्या दिवसापासून पाढा पक्का झाला. काल रात्री झोप लागेना तेव्हा मोजलं: इथेच थांबलो तर तो आता फार तर तीनदा म्हणायचा. मिलफर्डला गेलो तर दहाबारा वेळा तरी होईल. तेव्हापासून माझाही निश्चय जरा डळमळलाय.

उद्या पहाटे तीनला इथली उन्हाळी वेळ संपून घड्याळं एक तास मागे जातात. वरचा एक तास मिळतोय. ज्यांनी असे लांबलचक प्रवास संपवलेत त्यांनी शेवटचे दिवस कसे काढले?

डिझेलभाऊ

ताई, मंगळवारी साडेसहाशे किलोमीटर नको. नकाशा आठ तास दाखवेल, व्हॅनला दहा धरा. चढावर मागे रांग लागली की बाजूला घेऊन वाट द्यावी लागते, एकेरी पुलांवर थांबावं लागतं ते वेगळंच. आणि तो वरचा तास संध्याकाळी कापून घेतात, सहा-सव्वासहाला सूर्य मावळणार. अनोळखी रस्त्यावर अंधारात, दमलेले, दुसऱ्या दिवशी गाडी परत द्यायचीय. मी हे केलंय. आमच्या गाडीला शेवटच्या ४० किलोमीटरमध्ये ओरखडा पडला.

टॉयलेटची कॅसेट (मैल्याची टाकी) आणि सांडपाण्याची टाकी आदल्या दिवशीच डंप स्टेशनवर रिकामी करा. मी सकाळी साडेआठला शहरात डंप स्टेशन शोधत फिरलो होतो, बायको अजून सांगते लोकांना. डिझेल गाडी असेल तर करार एकदा वाचा. इथे डिझेलवरचा रस्ताकर पंपावर नाही, किलोमीटरवर लागतो. आरयूसी म्हणतात त्याला, साडेतीन टनांपर्यंत सरकारी दर १००० किलोमीटरला ७६ डॉलर. मिलफर्ड करून आलात तर हजारेक किलोमीटरची भर पडेल. तळ्यावर बसा.

पागोळी

मिलफर्डला वर्षाला सहा मीटरच्या वर पाऊस पडतो. तुम्ही भर पावसात पाहिलंत म्हणजे मिलफर्ड पाहिलंत! पाऊस असला की कड्याकड्यावरून धबधबे सुटतात. तो थांबला की आटतात, बारमाही असे बोवेन आणि स्टर्लिंग हे दोनच. माइटर पीकसाठी यजमान हळहळत असतील तर त्यांना हे सांगून बघा.

बाकी तुम्ही दोघं एकच काम करताय. ते गाडी हाकून, तुम्ही फडकी धुऊन.

शेवटच्या दिवसांपेक्षा नंतरचे दिवस अवघड जातात, असा माझा अनुभव. पाच महिने व्हॅनमध्ये काढून परतलो, आणि पुढे महिनाभर मला नळ पूर्ण सोडता येईना. बारीक धारेखाली कप धरून उभी राहायचे, टाकी संपेल म्हणून. नवरा हसायचा, पण तो रात्री उठून खिडकीतून गाडी सपाटीवर उभी आहे ना बघायचा. गाडी कुठली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर.

उलटा_नकाशा

मी गेलो असतो. आम्ही शेवटचे तीन दिवस "निवांत" काढायचे ठरवले आणि तीन दिवस बॅगा भरत एकमेकांवर खेकसत बसलो. निवांतपणा असा ठरवून येत नाही.

काठावरची (पुढच्या आठवड्यात)

सगळ्यांचे आभार. गेलो नाही. ह्यांनी शनिवारी रात्री डिझेलभाऊंचं उत्तर दोनदा वाचलं, "ओरखडा" या शब्दाशी थांबले आणि नकाशा मिटला. उलटा_नकाशा, तुमचंही चुकलं नाही. रविवारी आम्ही तिखटमिठाच्या डब्यांवरून अर्धा तास भांडलो. अर्धे भरलेले डबे फेकायचे कसे, हा मुद्दा. शेवटी पुढच्या मुक्कामी कॅम्पच्या स्वयंपाकघरात कुणीही न्यावं म्हणून फळी असते तिथे ठेवले.

सोमवारी दुपारी आओराकी निघाला. मी आत घड्या घालत होते, ओट्यावरच्या हातभर खिडकीत एकदम तो आला. कडेपासून शेंड्यापर्यंत कोरडा, खाली तळ्याचं ते दुधाळ निळं पाणी. हिमनद्या खडक दळतात, त्या पिठाने पाण्याला तो रंग येतो. हे बाहेर त्याच्याकडे पाठ करून बसले होते, मोबाइलवर मिलफर्डचं हवामान बघत. तिथे ऊनच होतं. मी मिनिटभर त्यांना हाक मारली नाही. का, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. मग मारली. वीसेक मिनिटं दिसला. रात्री नॉरवेस्टर, इथला वायव्येचा सोसाट्याचा वारा, सुटला आणि व्हॅन पहाटेपर्यंत पाळण्यासारखी हलत होती.

परतीची तपासणी बारा मिनिटांत उरकली. रस्ताकर करारात धरलेलाच होता. मार्चमध्ये मिलफर्डच्या वाटेवर होमर बोगद्याच्या तोंडाशी कीआ पोपटाने छताच्या झडपेचं रबर कुरतडलं होतं, त्याची मला महिनाभर धास्ती. तपासणाऱ्या मुलीने शिडीवरून बोट फिरवलं, "कीआ?" म्हणाली, मी मान हलवली, तिने कागदावर चार अक्षरं लिहिली. बस्स. पैसे मागितले नाहीत.

विमानतळासाठी टॅक्सी केली. बॅगा डिकीत, आम्ही दोघं मागे. गाडी सुरू झाली तसे हे समोर बघत म्हणाले, "गॅस?"

"बंद," मी म्हटलं.

चालकाने आरशातून बघितलं. हे पुढचं विचारतात की काय म्हणून मी थांबले होते, पण ते खिडकीबाहेर बघायला लागले.